सहावी ताटली

१

पन्नाशी जवळ आली तरी सगळे तिला बेबीच म्हणत. ती कान तपासायची. रुग्णालयाच्या मागच्या अंगाला, भिंतींना जाड स्पंज लावलेली एक बुटकी खोली होती. तिथे माणसाला बसवायचं, कानांवर यंत्र चढवायचं, बारीक बारीक आवाज सोडायचे आणि म्हणायचं, "ऐकू आलं की बोट वर करा." दिवसभर लोकांची बोटं बघून ती घरी यायची आणि हातपाय धुवून झाले की आपल्या ताटल्या वाजवायची.

ताटल्या म्हणजे साध्यासुध्या नव्हेत. सत्तरएक वर्षांपूर्वी कुठल्याशा छोट्या भट्टीत हातानं घडवलेली, दगडासारखी टणक भाजलेली जेवणाची भांडी. राखाडी अंगावर गंजासारखे तपकिरी ठिपके, काठाला किंचित हेलकावा, आणि उचलल्यावर मनगटाला कळेल असं वजन. पालथी घातली की काठाच्या खाली अंगठ्याएवढा एक कोरा डाग दिसायचा. कारागीर तिथे धरून ताटली झिलईत बुडवायचा, म्हणून अंगठ्याखालची माती उघडीच राहायची. बेबी आपला अंगठा त्या डागावर ठेवून बघायची. तो कधीच नीट बसायचा नाही.

मग बोटाच्या पेरानं टिचकी. ताटली धड असली तर लांबवर घुमत जाणारा आवाज, आत तडा असला तर नुसतं 'ठप्प'.

"झाली का घंटानाद करून?" बाबा स्वयंपाकघरातून ओरडायचे. "लोक पोट भरायला ताटल्या घेतात. आमची बाईसाहेब कान भरायला घेते."

बाबा आयुष्यभर बस चालवून निवृत्त झालेले. कुठलंही वाक्य बोलण्याआधी दोनदा खाकरायची सवय, 'हं-हं' अशी, जणू वळणावर हॉर्न देतायत. आई गेल्यापासून घरात ही दोघंच. बेबीचा मोठा भाऊ, दादा, शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायचा आणि फोनवरून सल्ले द्यायचा. दोघांपुरतं जेवण स्वयंपाकघरातल्या घडीच्या टेबलावर उरकायचं. त्यामुळे आतल्या जेवणघरातलं मोठं टेबल रिकामंच असायचं. बेबीनं तिथेच आपला संच मांडला होता. सहा जणांच्या संचातल्या पाच ताटल्या तिला एकेक करून मिळाल्या होत्या. सहावीसाठी ती कित्येक वर्षं जीव टाकत होती.

एका शनिवारी जुन्या वस्तूंच्या दुकानातल्या बाईनं तिला हाक मारली. "या, तुमची नवरीमुलगी आलीय," म्हणाली आणि कागदाच्या घड्या उलगडून सहावी ताटली पुढ्यात ठेवली.

बेबीनं टिचकी मारली. असा स्वच्छ आवाज आधीच्या पाचांपैकी एकीचाही नव्हता.

२

सोमवारी दुपारच्या सुट्टीत ती घरी आली, तर सूपचं भांडं तसंच झाकलेलं.

"बाबा, अजून जेवला नाहीत?"

"हं-हं. जेवलो की."

"काय जेवलात? सगळं आहे तसं आहे."

"जेवलो म्हटलं ना. तडस लागलीय." त्यांनी पोटावरून हात फिरवला आणि खरोखरच ढेकर दिली.

बेबीला वाटलं, शेजारच्यांनी काहीतरी आणून दिलं असेल. पण मंगळवारी तेच. बुधवारीही तेच. रात्री मात्र ते तिच्या समाधानासाठी दोन घास चिवडायचे आणि ताट सरकवायचे.

गुरुवारी ती नेहमीपेक्षा थोडी लवकर निघाली. दार स्वतःच्या किल्लीनं उघडलं. पायातले बूट काढायला वाकली आणि तशीच थांबली.

आत कोणीतरी जेवत होतं. एक जण नाही, बरेच जण. सुरी ताटलीवर घासल्याचा कुरकुर आवाज, चमच्याचा किणकिणाट, कुणीतरी खुर्ची जराशी पुढे ओढली. मधूनच हलकं बोलणं, शब्द न कळणारं. तोंडात घास असताना माणसं बोलतात तसं. पाहुणे आले असतील तर बाबांनी फोन करायला नको का, असंच आधी तिच्या मनात आलं. घरात धड पावसुद्धा नव्हता.

तिनं जेवणघराचं दार ढकललं.

टेबलाच्या टोकाला बाबा एकटेच बसले होते. सहाही ताटल्या सहा खुर्च्यांसमोर मांडलेल्या. सगळ्या स्वच्छ, कोरड्या. बाबा हातरुमालानं तोंड पुसत होते.

"आलीस? थोडी आधी यायचीस," ते म्हणाले.

बेबी टेबलापाशी गेली. काहीतरी करायला हवं म्हणून तिनं जवळची ताटली उचलली. ती चांगलीच गरम होती.

बाहेर ऊन आहे, खिडकीतून येत असेल, असं तिनं स्वतःला सांगितलं. त्या खोलीची खिडकी उत्तरेला होती.

३

"कोण असतात हो तिथे?" तिनं संध्याकाळी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"हं-हं. भले लोक आहेत."

"पण कोण?"

"आता रोज वाढतात, आग्रह करकरून वाढतात, त्यांना 'तुम्ही कोण' विचारायचं? बरं दिसतं का ते?" बाबांना तिच्या अडाणीपणाचं हसू आलं. "मी आधी नाहीच म्हणत होतो. पण जागा होती रिकामी. ते म्हणाले, बसा."

"दिसतात कसे?"

"जेवताना कोण कुणाच्या तोंडाकडे बघतं?"

तिनं त्यांना डॉक्टरांकडे नेलं. रक्त तपासलं, डोक्याचे फोटो काढले. बाबांनी आजची तारीख सांगितली, शंभरापासून उलटे आकडे म्हटले, वर डॉक्टरांना दोन विनोद ऐकवले. डॉक्टर म्हणाले, "ठणठणीत आहेत. फक्त खाणं वाढवा, वजन फार उतरलंय." आणि ते उतरतच होतं. पट्ट्याला नवी भोकं पाडावी लागली. गालांची हाडं वर आली. माणूस तृप्त चेहऱ्यानं सुकत चालला होता.

दादा फोनवर म्हणाला, "अगं, एकटेपणा आहे, दुसरं काय. दुपारी घरी कोणी नसतं. मनानंच पंगत बसवली असेल."

"मी ऐकलंय, दादा."

"तूही दमतेस हल्ली," तो जपून म्हणाला.

एका शुक्रवारी तिनं कामावरचं आवाज मोजायचं यंत्र पिशवीत घालून आणलं. दुपारी जेवणघराच्या बंद दारापाशी ते धरून उभी राहिली. आत सुरी-चमचे वाजत होते. कुणीतरी पाणी ओतलं. कुणीतरी हसलं, बाबांच्या विनोदाला हसतात तसं, जरा उशिरा. यंत्राचा काटा जागचा हलला नाही. ती स्वतः खोकली तेव्हा मात्र तो टुणकन वर गेला.

परत गेल्यावर तिनं स्पंजच्या खोलीत स्वतःलाच बसवलं. सोबतच्या तपासनीस बाईनं आलेख तिच्यापुढे धरला. "विशीतल्या पोरीचे कान आहेत तुझे. नजर लागेल."

बेबीला वाटलं होतं, काहीतरी दोष निघेल. तेवढा आधार झाला असता.

४

दुसऱ्याच दिवशी तिनं सगळ्या ताटल्या जुन्या टॉवेलांत गुंडाळल्या आणि दुकानात नेऊन ठेवल्या.

"संच पुरा होण्यासाठी वर्षानुवर्षं माझं डोकं खाल्लंत," दुकानातली बाई म्हणाली, "आणि आता हे? भांडण झालं की काय त्यांच्याशी?"

"जागा नाही घरात."

बाईनं तिच्याकडे नीट पाहिलं आणि टॉवेल उलगडायला घेतले.

घरी आली तेव्हा बाबा जेवणघराच्या दारात उभे होते. रिकाम्या टेबलाकडे बघत होते. रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "सांगून तरी न्यायचंस. ते काय म्हणतील?"

त्या दुपारी बाबांना भूक लागली. बेबीला इतका आनंद झाला की डोळ्यांत पाणी आलं. तिनं भराभर बटाटे उकडले, अंडी केली, ब्रेड भाजला. बाबा जेवायला बसले आणि जेवत राहिले. भांड्यांतलं सगळं संपलं. त्यांनी बरणीतला सुकामेवा खाल्ला, मग साखर. चावून चावून जबडा दुखायला लागला तरी हात थांबेना.

"बाबा, पुरे आता. त्रास होईल."

"जात नाहीये गं आत." त्यांच्या आवाजात पहिल्यांदाच भीती होती. "तोंडात घालतो, गिळतो, आणि पोटात काही येतच नाही. रिकामी बस धावल्यासारखं."

तीन दिवस हेच चाललं. चौथ्या दिवशी त्यांना उठवेना. रुग्णालयात नळीतून अन्न दिलं, शिरेतून पाणी दिलं. परिचारिका पिशव्या बदलत राहिली. बाबा छताकडे बघत ओठ चाटत राहिले. डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला आणि "बघू" म्हणाले. बेबी तिथेच काम करत होती. कुठला डॉक्टर 'बघू' केव्हा म्हणतो हे तिला ठाऊक होतं.

ती तडक दुकानात गेली.

"पाच आहेत," बाई म्हणाली. "एक गेली. परवाच. रस्त्यानं जाणारा माणूस होता, काचेतून दिसली म्हणून आत आला, घेऊन गेला."

"कोण होता? कुठे राहतो?"

"अहो, नाव कोण विचारतं? हातात प्रवासाची पेटी होती. गाडी गाठायची म्हणून घाईत होता."

बेबीनं एकेक ताटली उचलून, वाजवून बघितली. त्या स्वच्छ आवाजाची तेवढी त्यांत नव्हती.

५

बाबा हट्टानं घरी आले. रिक्षातून उतरल्यावर बेबीच्या खांद्याचा आधार घेत थेट जेवणघरातच गेले. तिनं पाच ताटल्या मांडल्या आणि सहाव्या खुर्चीपुढे स्वयंपाकघरातली पांढरी ताटली ठेवली.

बाबांनी मान हलवली. "ती चालत नाही त्यांना."

"मग ह्यातली कुठली तरी घ्या. ही घ्या. बसा इथे."

"हं-हं. ती दुसऱ्याची आहे, बेबी." लहान मुलाला समजवावं तसं ते म्हणाले. "माझीच गेली. मी थांबतो."

आणि ते भिंतीला पाठ लावून उभे राहिले.

बेबी विनवण्या करून थकली, ओरडून थकली. त्यांचा हात धरून ओढायला गेली, तर इतक्या वाळलेल्या माणसात कुठून आली कोण जाणे, भिंतीत रोवल्यासारखी ताकद. मग ते सुरू झालं. सुरी. चमचा. पाण्याची धार. ती खोलीतच होती, डोळ्यांसमोर पाच स्वच्छ, कोऱ्या ताटल्या होत्या, आणि प्रत्येकीवरून काहीतरी खरवडल्याचे आवाज येत होते. बाबांची नजर एका ताटलीवरून दुसरीवर जायची. घशाची गाठ वरखाली व्हायची. हात पुढे बांधलेले, मान किंचित झुकलेली, वाढप्यासारखी.

शेवटी खुर्च्या मागे सरकल्याचा आवाज झाला. खुर्च्या तिथेच होत्या. बाबा हळूच म्हणाले, "झालं त्यांचं. चल."

रोज दुपारी हेच. बेबीनं रजा टाकली. सकाळ-संध्याकाळ ती चमच्यानं भरवायची, बाबा तिच्यासाठी म्हणून गिळायचे आणि बारीक होत जायचे. एकदा तिनं रागाच्या भरात एक ताटली डोक्यावर उचलली, फरशीवर आपटणार तोच बाबा किंचाळले. आयुष्यात त्यांचा तसा आवाज तिनं ऐकला नव्हता.

"फोडू नकोस! आणखी एक जण उभा राहील. मग माझा नंबर त्याच्यामागे."

तिनं ताटली खाली ठेवली. दुसरं काय करणार?

६

आठवड्याच्या बाजाराला ती तासभर बाहेर गेली असेल. परत आली तर बाबा स्वयंपाकघरात घडीच्या टेबलाशी बसून जेवत होते.

सूप, ब्रेड, वर तिच्या वाटणीचं अंडं. गालांवर रंग होता. तिला बघून त्यांनी हातातला ब्रेड उंचावला. "छान झालंय," म्हणाले.

बेबी पिशवीसकट खाली बसली आणि हमसून हमसून रडली. त्यांनी उठून तिच्या डोक्यावर हात ठेवला. हात उबदार होता, जड होता.

दादा धावत आला. वजनकाट्यावर उभं केलं, मिठी मारली. "बघ, मी म्हणत नव्हतो? मनाचे खेळ सगळे." मग बेबीच्या कानाशी येऊन, "एवढं बरं झालंय तर तोंड कशाला उतरलंय तुझं?"

चहाच्या वेळी तिघं बाहेरच्या खोलीत बसली होती. त्यांनी बसच्या गोष्टी सांगितल्या, दादा पोट धरून हसला. गोष्टी त्याच होत्या. पण इतक्या वेळात ते एकदाही खाकरले नव्हते. वाक्यं सरळ सुरू व्हायची, वळणावर हॉर्न न देता.

ती कप घेऊन आत निघाली. जेवणघराचं दार अर्धवट लोटलेलं होतं.

"हं-हं," आतून आलं.

फार क्षीण. स्पंजच्या खोलीत ती सगळ्यात शेवटी जो आवाज सोडायची, ज्याला क्वचितच कोणी बोट वर करायचं, तेवढा. बेबीच्या हातातला कप पडून फुटला. तिनं वळून पाहिलं. दादा आपल्या फोनमध्ये होता. पण ते तिच्याकडेच बघत होते, शांतपणे, जरासे ओशाळून, दुसऱ्याची छत्री चुकून उचललेला माणूस बघतो तसे.

"दार लावून घे," ते म्हणाले. "वारा येतो."

तिनं दार उघडलं. टेबल, पाच ताटल्या, सहा खुर्च्या, कोरी भिंत. कुणी नाही. कपाची दांडी घरंगळत टेबलाखाली गेली होती, ती घ्यायला बेबी खाली वाकली.

खुर्च्यांच्या पायांमधून, पलीकडच्या भिंतीपाशी, दोन अनवाणी पावलं दिसली. टाचा भिंतीला टेकलेल्या. डाव्या अंगठ्याचं हाड बाहेर आलेलं, वर्षानुवर्षं क्लच दाबून आलेलं. तिच्या देखत एका पावलानं दुसऱ्यावर भार दिला, फार वेळ उभं राहिलेलं माणूस देतं तसा.

ती झटकन उभी राहिली. भिंत कोरी होती.

७

दादा हवापालटासाठी त्यांना आपल्या घरी घेऊन गेला. निघताना त्यांनी बाबांचा कोट घातला होता. तो खांद्यांत अगदी नीट बसला. बेबी दारात उभी राहून बघत राहिली. काय म्हणून अडवणार होती? गाडीत बसण्याआधी ते वळून म्हणाले, "मी खरंच ऋणी आहे." दादाला वाटलं, बाबा थट्टा करतायत. तो हसत हसत गाडी सुरू करून निघून गेला.

दुसऱ्या दिवशी दुपार झाली. बेबीनं सूप गरम केलं, जेवणघरात नेलं. भिंतीपाशी, तोंड असेल अशा अंदाजानं, चमचा धरला.

"बाबा, आ करा."

सूप चमच्यात तसंच राहिलं. तिचा हात भरून आला. घोट गिळल्याचा आवाज यायचा, पण तो रिकाम्या तोंडाचा, चमचा भरलेलाच. तिनं दुसरा भरला, तिसरा भरला. पाठीमागे टेबलावर जेवण सुरू झालं होतं.

ते ऐकता ऐकता तिच्या ध्यानात आलं की आज आवाज कमी आहेत. आयुष्यभर हेच तर करत आली होती ती, आवाज सुटे करायचं काम. चार जण जेवत होते. पाचव्या ताटलीवर कुणाचाही चमचा वाजत नव्हता. तिथे बसणारा आता दादाच्या घरी कोट काढून जेवायला बसला असेल.

म्हणजे एक जागा मोकळी होती.

ती टेबलाकडे वळली, हात जोडले आणि आयुष्यात कुणाकडे केली नव्हती अशी विनवणी केली. "ह्यांना बसू द्या. म्हातारं माणूस आहे. जागा आहे आता, ताटलीही आहे. बसू द्या ह्यांना."

सुरी-चमचे थांबले. माणसं एकमेकांकडे बघून ठरवतात, तेवढा वेळ गेला असेल.

मग पाचव्या ताटलीपुढची खुर्ची मागे सरकली. ह्या वेळी खरोखरची सरकली. पाय फरशीवर घासले, बसायला पुरेल एवढी जागा झाली.

"बाबा!" ती जवळजवळ हसलीच. "बाबा, या, बसा. बोलावतायत."

भिंतीपाशी काही हललं नाही. तिनं गुडघ्यावर बसून टेबलाखालून पाहिलं. पावलं तिथेच होती. बोटं फरशीत रुतल्यासारखी आवळलेली. आणि वरून तो आवाज आला, 'हं-हं, हं-हं', घाईघाईनं, पुन्हा पुन्हा. पुढचं वाक्य काही केल्या येईना.

बेबी उठून उभी राहिली. टेबलावरची पाचवी ताटली आपल्या जागेवरून हलली होती. हळूहळू, अगदी सभ्यपणे, ती बेबीच्याच बाजूला वळत होती, पुढे येत होती. काठाशी येऊन थांबली. तिच्यातून वाफ निघत होती.

कित्येक दिवस अन्नावरची वासना उडालेल्या बेबीच्या पोटात एकदम कळ उठली. कडकडून, डोळ्यांपुढे अंधारी येईल अशी भूक लागली.